पंपावरचा खुलासा

"काय मॅनेजर, पुन्हा वाढवलेत?"

न्हाव्याने वस्तरा गळ्याशी टेकवून हा प्रश्न विचारला, तेव्हा मॅनेजरांना मान हलवून नाही म्हणायचीही सोय नव्हती. त्यांनी डोळे मिटून घेतले. शेजारच्या खुर्चीतल्या फेस लावलेल्या गृहस्थांनी आरशातूनच त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू पेट्रोलचे भाव ठरवायला मॅनेजर रोज सकाळी अंघोळ करून बसतात आणि मनाला येईल तो आकडा लावतात.

मॅनेजर गेली तीस वर्षं गावातल्या पेट्रोल पंपावर मॅनेजर होते. त्यांना नावही होतं, पण ते पगारपत्रकाशिवाय कुठे वापरात नव्हतं. भाव वाढला की दुकानदार त्यांना 'वाढवलेत' म्हणायचा, डॉक्टर छाती तपासताना म्हणायचे, एकदा तर स्वतःच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी हार घालताना कानात म्हटलं होतं. 'वाढले' असं कोणी म्हणेना. वाढणं ही गोष्ट आपोआप होऊ शकते, जशी नखं वाढतात, पोट वाढतं. वाढवणाऱ्याला मात्र तोंड लागतं, आणि गावात पेट्रोलसंबंधी हाताशी असलेलं एकच तोंड होतं. ते आत्ता फेसाने माखलेलं होतं.

पूर्वी असं नव्हतं. हे मॅनेजर पंपावर नवीन लागलेल्या प्रत्येक माणसाला सांगायचे, आणि नवीन माणूस हातातल्या फोनकडे बघत 'हो ना' म्हणायचा. पूर्वी पंप गावाच्या टोकाला होता. मशीन एकच, त्यातले आकडे चाकांसारखे गोल फिरायचे, आणि लिटर भरला की आतून टण् करून घंटा वाजायची. ती घंटा ऐकायला लहान पोरं गाडीतून डोकं बाहेर काढायची. लोक इंजिन बंद करायचे, खाली उतरायचे, पाठ मोकळी करायचे. "लांब निघालात वाटतं?" असं विचारलं की कुठे, कशाला, कोणाच्या घरी, परत कधी, सगळं सांगायचे. डॉक्टरांच्या काळ्या गाडीच्या काचा मॅनेजर स्वतः पुसायचे आणि डॉक्टर जाता जाता त्यांचा खोकला ऐकून घ्यायचे. 'टाकी भरा' हे शब्द तर माणसं अशा थाटात उच्चारायची, की पंपावरचे दोघंतिघं नकळत सरळ उभे राहायचे. आता कोणी हेल्मेटसुद्धा काढत नाही. सगळ्यांचे डोळे पळत्या आकड्यांवर. मॅनेजरांच्या तोंडाकडे लोक बघतात ते फक्त ओरडायला.

तरी हे सगळं त्यांनी सहन केलं असतं. सहन झालं नाही ते मास्तरांचं.

मास्तर म्हणजे शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची एक जुनी राखाडी स्कूटर होती. तीस वर्षं मास्तर रोज संध्याकाळी त्या स्कूटरवरून पंपावर यायचे आणि एक लिटर पेट्रोल घ्यायचे. एकच. टाकी भरली तर उद्या यायला कारण काय उरणार, हा त्यातला हिशेब दोघांनाही ठाऊक होता आणि दोघांनीही तो कधी बोलून दाखवला नव्हता. पेट्रोल भरून झालं की स्कूटर हवेच्या मशीनजवळ लागायची, ऑफिसातून दोन खुर्च्या बाहेर यायच्या आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर चर्चा व्हायची. डॉक्टर थांबायचे, पोस्टमन थांबायचा. हळूहळू डॉक्टर थांबेनासे झाले, पोस्टमन निवृत्त होऊन मुलाकडे गेला. मास्तर मात्र यायचे.

मग एका संध्याकाळी बातमी आली, की मध्यरात्रीपासून भाव पुन्हा वाढणार. पंपावर ही रांग लागली. मास्तर रांगेत होते. शेजारून हॉर्न, मागून शिव्या, अशा गर्दीत त्यांचा नंबर लागला आणि ते सगळ्यांदेखत म्हणाले, "वाढवलेत ना शेवटी?"

वाढणे आणि वाढवणे यांतला फरक ज्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना छडी मारून शिकवला, त्या मास्तरांनी! मॅनेजरांचं डोकं सटकलं. ते म्हणाले, "परवडत नसेल तर चालत जा मास्तर. तब्येतीलाही बरं."

रांगेत हशा पिकला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी स्कूटरचं झाकण उघडलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले, "टाकी भरा."

भरलेली टाकी घेऊन ते गेले ते गेलेच.

पहिले काही दिवस मॅनेजरांनी स्वतःची समजूत घातली. टाकी भरलेली आहे, संपेपर्यंत कशाला येतील? पण टाकी संपायचे दिवसही उलटून गेले. मास्तर आले नाहीत. म्हणजे ते आता बायपासवरच्या दुसऱ्या पंपावर जात असणार, ही गोष्ट मॅनेजरांना खुपू लागली. तिथेही भाव हाच. वर जायला-यायला पेट्रोल जळणार ते वेगळं. म्हणजे माणूस किती रागावला असेल!

"अहो, मग जाऊन माफी मागा ना," बायको म्हणाली.

"माफी? मी? मी भाव वाढवले का?"

"चालत जा कोण म्हणालं?"

मॅनेजरांनी ताट बाजूला सारलं. बायकोने वैतागून म्हटलं, "मग लावा एक पाटी पंपावर. भाव आम्ही ठरवत नाही म्हणावं. म्हणजे गावही गप्प बसेल आणि मास्तरही वाचतील."

ती हे वैतागून म्हणाली होती. मॅनेजरांनी ते मनावर घेतलं. इथूनच सगळं बिघडत गेलं.

'भाव आम्ही ठरवत नाही.' एवढी पाटी लावली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मॅनेजरांच्या शेजारी एक वकील राहत होते, आणि ते नेमके गच्चीवर उभे राहून सगळं ऐकत होते.

"असं लिहू नका," वकील गच्चीवरून म्हणाले. "सरळ नाही म्हणणं म्हणजे संशयाला जागा. कोर्टात बघा, ज्याने केलेलं असतं तो आधी नाही म्हणतो."

"मग काय लिहू?"

"लोकांच्या मनात गैरसमज आहे ना? मग गैरसमजाचा उल्लेख हवा. तो आधी नीट मांडायचा, मग दूर करायचा." मग वकील खाली आले, चहा प्यायले, आणि दुसऱ्या कपापर्यंत मजकूर तयार झाला: 'पेट्रोलच्या भाववाढीला आम्हीच जबाबदार आहोत असा गैरसमज कृपया नसावा.' बायकोने तो वाचला, मान वाकडी करून पुन्हा वाचला आणि म्हणाली, "लांबट झालंय." वकील हसले. कायदा बायकांना लांबटच वाटतो, असं त्या हसण्यात होतं.

पंपाचे मालक दुसऱ्या शहरात राहत. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "लाव की. पण नगरपालिकेला विचारून."

नगरपालिकेत फलक खात्याच्या खिडकीत बसलेल्या बाईंनी विचारलं, "जाहिरात कशाची आहे?"

"जाहिरात नाही. खुलासा आहे."

"खुलाशाचा फॉर्म नाही आपल्याकडे. जाहिरात आहे, शुभेच्छा आहेत, श्रद्धांजली आहे."

"पण यातलं काहीच नाहीये हो ते."

"शुभेच्छा घ्या," बाई आपुलकीने म्हणाल्या. "त्यांना फी नाही. श्रद्धांजलीलाही नाही, पण मग फोटो लागतो."

फोटो म्हटल्यावर मॅनेजरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी शुभेच्छा घेतल्या. मंजुरीचा शिक्का मारताना साहेबांनी मजकूर वाचला, त्यांच्याकडे खालीवर बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही वाढवलेत होय?"

मग पेंटर. आता पाट्या छापून मिळतात, पण मॅनेजरांना ब्रशने रंगवलेलीच हवी होती. गावात एकच म्हातारा पेंटर उरला होता. त्याने एके काळी गावातली सगळी दुकानं, सगळे ट्रक आणि दोन निवडणुका रंगवल्या होत्या. अलीकडे त्याला घरांचे नंबर तेवढे मिळायचे. अख्खी पाटी रंगवायची आहे हे ऐकून त्याचे डोळे पाणावले.

"रंग कुठले घालू?"

"कुठलेही. लांबून दिसलं पाहिजे."

"असं दिसेल की गाड्या थांबतील," पेंटर म्हणाला. या बाबतीत तो खोटं बोलला नाही.

मॅनेजरांनी त्याला पाटी पंपाच्या मागच्या भिंतीशी रंगवायला दिली आणि मध्ये मध्ये बघायला गेले. पेंटर जुन्या दिवसांबद्दल बोलायचा, मॅनेजरही बोलायचे. अक्षराला सावली कशी द्यायची, पूर्वी लोक पाटी वाचायला कसे थांबायचे, रंगाचा वास दुकानात महिनाभर कसा राहायचा. हे ऐकता ऐकता मॅनेजरांचा वेळ इतका छान गेला, की पाटीकडे बघायचं राहून गेलं. संध्याकाळी अंधार पडताना ती वर चढवली. मॅनेजर समाधानाने घरी गेले.

सकाळी ते आले तेव्हा पंपासमोर गर्दी होती.

पाटीवर पहिली ओळ निळ्या अक्षरांत होती: 'पेट्रोलच्या भाववाढीला'. दुसरी ओळ लालभडक, हातभर उंच, प्रत्येक अक्षराला काळी सावली: 'आम्हीच जबाबदार आहोत'. इथे पाटी संपली होती. अगदी तळाशी, चौकटीच्या नक्षीत, फिकट पिवळ्या रंगात आणि मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत उरलेलं सगळं होतं.

"हे काय केलंत?" मॅनेजर ओरडले.

"मोठं अक्षर लांबून वाचायला," पेंटर शांतपणे म्हणाला. "बारीक अक्षर जवळ येऊन वाचायला. गिऱ्हाईक जवळ नको का यायला?"

गिऱ्हाईक जवळ येत होतं, पण मॅनेजरांच्या. एक तरुण त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला. आजवर कोणी कबूल केलं नव्हतं." एक आजी रिक्षातून उतरल्या आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "पोटात ठेवलं नाहीस, बरं झालं बाबा. आता कमी कर." एका ट्रकवाल्याने खिडकीतून जे सांगितलं ते इथे सांगण्यासारखं नाही. मॅनेजर प्रत्येकाला पाटीच्या तळाशी बोट दाखवून वाचायला लावत होते, आणि प्रत्येक जण वाकून, चष्मा वर-खाली करून म्हणत होता, "हो, पण वर तर लिहिलंय ना."

वकील आले. त्यांनी पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला. "मजकूर बिनचूक आहे," ते म्हणाले. "कोणी दावा लावलाच तर आपण टिकू."

आणि मग कोणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो स्थानिक पेपरात आला. फोटोत मॅनेजर पाटीखाली हात जोडून उभे होते, म्हणजे खरं तर ते पेंटरला हात जोडत होते. पाटीचा तळ छापताना कापला गेला होता. वर मथळा होता, 'अखेर कोणीतरी बोललं!'

तेल कंपनीच्या विभागीय ऑफिसातून बोलावणं आलं. मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. काचेच्या टेबलामागे एक तरुण साहेब बसले होते. समोर पेपरचं कात्रण.

"तुम्ही जबाबदारी घेतलीत?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, खाली बारीक अक्षरात—"

"खालचं राहू द्या. तुम्हाला जबाबदारी घ्यायचे अधिकार आहेत का?"

"नाहीत साहेब."

"मलाही नाहीत. माझ्या वरच्यांनाही नाहीत. त्यांच्याही वरच्यांना नाहीत." साहेबांचा आवाज कापरा झाला. "ही कंपनी इतकी वर्षं चालली आहे, इथे आजवर कोणीही, कशाचीही जबाबदारी घेतलेली नाही. आणि तुम्ही परस्पर, लाल अक्षरात..."

मॅनेजरांना त्या पोराची दयाच आली. त्यांनी धीर करून विचारलं, "साहेब, मग भाव वाढवतं तरी कोण?"

साहेबांनी दार बंद आहे का ते पाहिलं. मग खिडकीकडे बोट केलं, मग छताकडे, मग हात हवेत फिरवून खाली ठेवला. "बाहेरून येतं हो," ते म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत पाटी उतरवा."

परत येताना बसच्या खिडकीत बसून मॅनेजरांना स्वतःची फार लाज वाटली. तीस वर्षं एका शब्दाने कोणाला दुखवलं नव्हतं. लोकांच्या गाड्यांना पाणी घातलं, काचा पुसल्या, वाट चुकलेल्यांना रस्ता सांगितला. आणि आता गावात ओळख उरली ती कबुलीजबाब दिलेला माणूस म्हणून. नोकरी गेली तरी चालेल, पण मास्तरांनी तो पेपर वाचला असेल, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

पंपावर पोचल्यावर त्यांनी शिडी लावली. पंपावरची माणसं गिऱ्हाइकांत गुंतलेली. कोणाला हाक मारायची त्यांची इच्छाही नव्हती. ते एकटेच वर चढले आणि पहिला खिळा उपटायला लागले. शिडी हलली. मग हलायची थांबली. खालून कोणीतरी धरली होती.

"वाक्य कोणी रचलं?" खालून आवाज आला.

मॅनेजरांनी खाली पाहिलं. मास्तर होते. स्कूटर नव्हती.

"वकिलांनी," मॅनेजर म्हणाले.

"तरीच. नकार इतका शेवटी ठेवू नये. माणूस तिथवर पोचत नाही."

मॅनेजर शिडीवरच थांबले. मास्तरच पुढे म्हणाले, "वाचनालयात आज सगळे पेपर घेऊन बसले होते. म्हणे, बघा, कबूल केलं. मी म्हटलं, तो माणूस तीस वर्षं माझ्या ओळखीचा आहे, तो स्वतःच्या घरातला पंखा बायकोला विचारल्याशिवाय वाढवत नाही, पेट्रोल काय वाढवेल?"

"मग?"

"मग काय, भांडण. कोणी सरकारचं नाव घेतलं, कोणी व्यापाऱ्यांचं, कोणी मोठमोठ्या गाड्या उडवणाऱ्या पोरांचं. मी सगळ्यांनाच सोलून काढलं. आता आठवडाभर तरी वाचनालयात माझ्याशी कोणी बोलणार नाही." मास्तरांनी शिडी दुसऱ्या हाताने धरली. "म्हटलं, इकडे यावं."

मॅनेजर खाली उतरले. दोघंही पाटीकडे बघत उभे राहिले, कारण एकमेकांकडे बघणं अवघड होतं.

"मास्तर, त्या दिवशी मी ते चालत जा म्हणालो..."

"मी जे म्हणालो ते व्याकरणाला धरून नव्हतं," मास्तर घाईने म्हणाले. "सोडा."

"स्कूटर कुठे आहे? बायपासवर भरता ना हल्ली?"

"बायपासवर? मी?" मास्तर दुखावल्यासारखे झाले. "अहो, टाकी अजून भरलेलीच आहे."

"इतके दिवस?"

मास्तरांनी जरा घसा खाकरला. "जुन्या भावाचं पेट्रोल आहे ते. जाळवत नाही. सकाळी झाकण उघडून बघतो, पुन्हा लावतो. सुनेला वाटतं माझं डोकं फिरलंय. बाजारात चालत जातो, बँकेत चालत जातो."

"मग इथेही चालत यायचं!"

"पंपावर चालत? काय काम सांगून येऊ?"

मॅनेजरांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे चुरचुरले. त्यांनी तो दोष पेट्रोलच्या वासाला दिला. पाटी उतरवायला त्यांनी पंपावरच्या माणसांना सांगितलं, ऑफिसला कुलूप लावलं आणि मास्तरांना म्हणाले, "चला, तुमच्या घरी."

अंगणात स्कूटर चादर पांघरून उभी होती. मास्तरांनी चादर काढली, घडी केली. किक मारली, दुसरी मारली. मग दोघांनी मिळून स्कूटर एका अंगावर कलती केली, सरळ केली, आणि तिसऱ्या किकला ती धूर सोडत जागी झाली. सून दारात येऊन बघत राहिली. मॅनेजर मागे बसले, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि स्कूटर तलावाच्या रस्त्याला लागली. तरुणपणी पंप बंद करून दोघं याच रस्त्याने जायचे. तेव्हा दोन्ही बाजूंना शेतं होती. आता घरं होती, आणि घरांच्या मध्ये मध्ये चुकून राहिल्यासारखे शेताचे तुकडे. वारा मात्र तोच होता. त्या वाऱ्यात मास्तर काहीतरी बोलत होते, मॅनेजरांना ऐकू येत नव्हतं, आणि ते प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे" म्हणत होते.

तलावाच्या वळणावर चहाची टपरी होती. जुन्या चहावाल्याचा मुलगा आता तिथे बसत होता. चहाचा भाव ऐकून मास्तरांनी भुवया उंचावल्या.

"मी काय करू?" चहावाला म्हणाला. "दूध गाडीने येतं, साखर गाडीने येते. पेट्रोल महागलं. त्या पंपवाल्यांना जाऊन विचारा, त्यांनीच केलंय हे सगळं. पेपरात कबूलसुद्धा केलं एकाने."

मॅनेजरांनी कपात तोंड खुपसलं. मास्तर मात्र ताडकन उभे राहिले. "हे बघ," त्यांनी वर्गातला आवाज लावला, "आधी कर्ता कोण आणि कर्म कोण ते समजून घे..."

"बसा हो मास्तर," मॅनेजर त्यांची बाही ओढत म्हणाले. "चहा निवतोय."

मास्तर बसले. तलावावर ऊन तिरकं झालं होतं. मग मास्तरांनी डॉक्टरांच्या काळ्या गाडीची आठवण काढली, मॅनेजरांनी पोस्टमनच्या सायकलची, आणि बोलता बोलता दिवे लागायची वेळ झाली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "पाटी उतरली?"

"उतरली."

"आणि मास्तर?"

"त्यांच्याचबरोबर होतो. तलावापर्यंत जाऊन आलो."

"म्हणजे दोन तास दोघांनी भावावर काथ्याकूट केला असणार," ती ताट वाढत म्हणाली. "मग? शेवटी दोष कोणाचा ठरला?"

मॅनेजरांनी जरा विचार केला.

"चहावाल्याचा," ते म्हणाले. "साखर कमी घातली होती."